जुनी नाणी : मातीत दडलेला आपला इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्ही जुन्या नाण्यांवर काहीतरी लिहा, असे मंडळाच्या पोरांनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही नाणेशास्त्राचा पंडित नाही. थोडे वाचन आणि कपाटात जपलेले एक नाणे, एवढेच माझे भांडवल. पण त्या एका नाण्याची हकिकत सांगावी असे बरेच दिवस मनात होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे आजोळ वाशीमकडचे. आजी सांगायची, घराची पडवी वाढवायला पाया खोदला तेव्हा कुदळीला मडके लागले. धम्मदीक्षेच्या आधीची गोष्ट. मडक्यात चवलीएवढी, हिरवट-काळी नाणी. पायलीभर तरी असतील, असे आजी म्हणायची. घरच्यांना वाटले, चला, दैन्य फिटले! घासून बघितली तर सोने नाही, चांदी नाही. मग आजीच्या थोरल्या दिराने ती सगळी पिशवीत घालून कासाराकडे नेली. त्याने तोलून मोडीत घेतली आणि बदल्यात एक पितळेची घागर दिली. त्या घागरीचे पाणी मीसुद्धा प्यालो आहे. आजीने मात्र एक नाणे चिंधीत बांधून आपल्या पेटीत ठेवले होते. ते पुढे माझ्याकडे आले.

कासाराचे काही चुकले नाही. त्याला धातू कळत होता, त्याने धातूचा दाम दिला. आमच्या माणसांचेही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांना अक्षरओळखच होऊ दिलेली नव्हती. पण त्या घागरीसाठी आपण काय देऊन बसलो हे मला कळायला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

आधी नाणे म्हणजे आपल्या दृष्टीने काय ते बघू. अनाथपिंडिकाची गोष्ट आपल्याकडची पोरेसुद्धा सांगतात. जेतवनाची जमीन नाण्यांनी झाकून त्याने ती विकत घेतली आणि तथागतांना दान दिली. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर हा प्रसंग कोरलेला आहे, तो आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. त्यात बैलगाडी आहे, आणि माणसे जमिनीवर नाणी मांडताहेत. ती नाणी गोल नाहीत बरं का, चौकोनी आहेत! कोरणाऱ्याची ही चूक नाही. त्या काळची चांदीची नाणी खरोखरच पुष्कळदा चौकोनी असत. चांदीचा पत्रा कापायचा, वजन जमवायला कोपरा छाटायचा आणि वरून सूर्य, डोंगर, झाड, हत्ती अशा खुणा ठोकायच्या. यांना आहत नाणी म्हणतात. त्यांच्यावर राजाचे नाव नाही, अक्षर नाही. पाली ग्रंथांत ज्याला कहापण म्हणतात, संस्कृतात कार्षापण, ते नाणे हेच. म्हणजे शिल्पात दिसणारी वस्तू मातीतही सापडते.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. नाशिकची लेणी पुष्कळांनी पाहिली असतील. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव तिरण्हु म्हणजे त्रिरश्मी असे आहे. तिथल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातला एक हिशेबाचा आहे. उषवदाताने भिक्खुसंघासाठी तीन हजार कहापण कायमची ठेव म्हणून ठेवले. राजवाड्यात नव्हे, गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कहापण.

पोरांनो, हे गणित करून बघा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजे पुन्हा दोनशे चाळीस. एक कहापण इकडे नाही की तिकडे नाही! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा ताळेबंद आहे. आपल्या मंडळाचा जमाखर्च दर वर्षी इतका जुळला तर खजिनदारांचा सत्कार करायला हरकत नाही. असो.

त्याच उषवदाताने एका ब्राह्मणाकडून चार हजार कहापणांना शेत विकत घेऊन भिक्खूंच्या अन्नासाठी दिले, असेही तिथे लिहिले आहे. पण दान राजघराण्याचेच असे समजू नका. नाशिकलाच मुगुदास नावाच्या कोळी उपासकाने आपल्या परिवारासह लेणे दिले. कान्हेरीला कल्याणचा लोहार आणि सोनार, कार्ल्याला सुतार आणि सुगंधी द्रव्ये विकणारा गंधिक, अशी माणसे दाते म्हणून कोरली गेली आहेत. हाताला घट्टे पडलेल्या माणसांनी गाठीला बांधलेले कहापण या दगडांत उतरले आहेत.

मग प्रश्न पडतो, लेखात लिहिलेले हे पैसे गेले कुठे? त्या काळचे नाणे प्रत्यक्ष कुणाच्या हाताला लागले का?

लागले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावी नाण्यांचा मोठा साठा सापडला. सव्वातेरा हजारांच्या वर चांदीची नाणी, सगळी नहपानाची! रेव्हरंड स्कॉट नावाच्या अभ्यासकाने ती बारकाईने पाहिली. एका बाजूला राजाचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत राजा क्षहरात नहपान याचे नाव. आणि गंमत अशी की यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठसा वरून मारलेला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. नाणी वितळवण्याची तसदी न घेता त्याने नहपानाच्या तोंडावर आपला तीन कमानींचा डोंगर ठोकला, आणि दुसऱ्या बाजूला चार गोल जोडलेले क्रॉससारखे चिन्ह. या चिन्हाला उज्जैन चिन्ह म्हणतात. कित्येक नाण्यांवर खालून नहपानाचे नाक किंवा हनुवटी अजून डोकावते.

नाशिकच्याच तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने कोरवलेला लेख आहे. माझ्या मुलाने क्षहरातांचा वंश निखालस संपवला, असे ती त्यात सांगते. आईने मुलाची स्तुती केली म्हणून कुणी ती अतिशयोक्ती मानली असती. पण जोगलटेंभीच्या साठ्याने तिच्या शब्दाला साक्ष दिली. त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाचा आणखी एक लेख आहे. पूर्वी उषवदाताकडे असलेले शेत आता आपण लेण्यातल्या भिक्खूंना देत आहोत, असे तो सांगतो. म्हणजे दोन राजे एकमेकांचे हाडवैरी, एकाने दुसऱ्याच्या नाण्यावर ठसा मारला, पण त्रिरश्मीच्या भिक्खूंना दोघांच्याही घरून दान आले. मला इतिहासात याहून मोठी गोष्ट क्वचित वाचायला मिळाली.

हे सगळे आपल्याला वाचता येते याचेही निम्मे श्रेय नाण्यांना आहे. दोनशे वर्षांपूर्वी ब्राह्मी लिपी वाचणारा एकही माणूस भारतात उरला नव्हता. अशोकाचे शिलालेख उभे होते, पण त्यांना कुणी भीमाची गदा म्हणे, कुणी आणखी काही. वायव्येकडच्या ग्रीक राजांची दोन लिप्यांची नाणी सापडली, एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला इथली लिपी. ग्रीक वाचता येत होते. तेव्हा ग्रीकातले नाव धरायचे आणि पलीकडच्या अक्षरांशी ताडून बघायचे. अगाथोक्लिस राजाच्या अशाच नाण्यावरून लासेन या पंडिताने १८३६ साली काही ब्राह्मी अक्षरे लावली. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूची पारख करणारा जेम्स प्रिन्सेप याने १८३७ साली सांचीच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात हे हेरले. त्याने तर्क केला, हे ‘दानं’ असणार! तिथून कुलूप उघडले आणि अशोक राजा बोलू लागला. दान या शब्दाने आपला इतिहास उघडला, याची नोंद घ्यावी.

मिलिंद राजाचेही तसेच. भदंत नागसेनांना प्रश्न विचारणारा मिलिंद कुणी ग्रंथातला काल्पनिक राजा असेल असे कुणाला वाटले, तर त्याच्या हातावर मिनँडरचे नाणे ठेवावे. एका बाजूला ग्रीकात आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत त्याचे नाव आहे, चांदीच्या नाण्यांवर चेहराही आहे. ही नाणी अफगाणिस्तान-पंजाबकडे पुष्कळ सापडली. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले, ते आपण जाणताच. नाण्याचा विषय खुद्द बाबासाहेबांनाही परका नव्हता. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनला छापला गेला. त्याची सुरुवातच मोगलांच्या मोहरा आणि रुपयांपासून आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, कुणाला राग आला तरी. आपल्याकडे जुन्या नाण्यावर चाक दिसले की धम्मचक्र, कठड्यातले झाड दिसले की बोधिवृक्ष, असे लगेच ठरवून टाकतात. मिनँडरच्या एका तांब्याच्या नाण्यावर आठ आऱ्यांचे चाक आहे. ते धम्मचक्र असू शकेल, पण राजसत्तेचे चाकही असू शकते, आणि पंडितांचे त्यावर एकमत नाही. तीन कमानींच्या डोंगराला पूर्वीचे अभ्यासक चैत्य म्हणत, आता बहुतेक जण नुसता डोंगर म्हणतात. आपण हट्ट धरण्यात अर्थ नाही. जिथे स्वच्छ लिहिलेले आहे तिथे छातीठोक सांगावे. कुषाण सम्राट कनिष्काच्या काही सोन्याच्या नाण्यांवर उभी बुद्धमूर्ती आहे आणि शेजारी ग्रीक अक्षरांत ‘बोड्डो’ असे नाव आहे. तिथे वाद संपला. अशी नाणी फार थोडी आहेत, हेही खरे.

नाणे काय सांगते आणि काय सांगत नाही याचे उत्तम उदाहरण आपल्या सोपाऱ्याचे. १८८२ सालच्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकलला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे आणि भोवती आठ कांस्यमूर्ती निघाल्या. त्यातच गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे चांदीचे एक लहानसे नाणे होते, त्यावर राजाचा चेहरा. यज्ञ सातकर्णी दुसऱ्या शतकातला. मग सगळेच दुसऱ्या शतकातले का? नाही. मूर्तींची घडण पाहून अभ्यासकांनी त्या आठव्या-नवव्या शतकातल्या ठरवल्या. म्हणजे तो स्तूप मध्यंतरी कुणीतरी उघडून पुन्हा श्रद्धेने बंद केला असला पाहिजे. नाणे एवढेच सांगते की ते ज्या दिवशी आत ठेवले तो दिवस यज्ञ सातकर्णीच्या आधीचा नाही. पण तेवढे कळले तेही नाणे जागच्या जागी सापडले म्हणून. तेच नाणे बाजारात कुणाच्या टोपलीत मिळाले असते तर स्तूपाबद्दल त्याला एक शब्द बोलता आला नसता.

आता माझ्या नाण्याकडे येतो. मी ते सोनाराच्या काट्यावर घातले, अडीच ग्रॅमच्या आसपास भरले. धातू तांबे, कथील, शिसे यांची मिसळ, तिला पोटीन म्हणतात. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. म्हणजे सातवाहन घराणे, एवढे नक्की. हत्तीच्या वरून कडेकडेने अक्षरे जातात. ब्राह्मी शिकायला अवघड नाही. ‘क’ म्हणजे बेरजेची खूण, ‘ग’ म्हणजे घराचे छप्पर, ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळ, ‘थ’ म्हणजे वर्तुळात टिंब. विहारात दोन रविवार बसलात तर पोरे नावे वाचू लागतील. मीही भिंग लावून, उन्हात तिरके धरून वाचले : सा, त, क, णि, स. म्हणजे ‘सातकर्णीचे’. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण सातकर्णी कोणता? या घराण्यात सातकर्णी एक नाही. खरे नाव त्या शब्दाच्या आधी असते आणि माझ्या नाण्यावर ते उठलेच नाही. या नाण्यांचा साचा मोठा आणि नाणे लहान असे. त्यामुळे ठोकताना अर्धी अक्षरे बाहेर जात. एकावर सुरुवात, दुसऱ्यावर मधले, तिसऱ्यावर शेवट. दहावीस नाणी शेजारी मांडली की फाटलेली चिठ्ठी जोडावी तसे पूर्ण नाव जुळते. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी असाच पोटीन नाण्यांचा साठा मिळाला, दीड हजारांच्या वर. तो वितळला नाही, अभ्यासकांपर्यंत पोहोचला. वा. वि. मिराशी यांनी तो वाचला आणि त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे बाहेर आली. पुराणांच्या वंशावळीत ही नावे नाहीत! पोथ्या लिहिणारे ज्या राजांना विसरले ते मडक्याने जपून ठेवले होते.

तऱ्हाळा आमच्या आजोळापासून फार लांब नाही. आमच्या मडक्यात काय होते? तेच राजे, की आणखी एखादा, ज्याचे नाव आजही जगाला ठाऊक नाही? माझे एकटे नाणे हे सांगू शकत नाही. सांगणारी त्याची भावंडे कासाराच्या मुशीत गेली.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी लिहून ठेवतो. आता पाये कुदळीने नाही, जेसीबीने खणतात. मडके फुटायला क्षण पुरतो. आपल्यातली पुष्कळ मुले बांधकामावर आहेत, गावाकडे शेतीही आहे. नाणी दिसली तर पहिली गोष्ट, वाटून घेऊ नका. मडक्याची खापरे, माती, जागा यांचा फोटो काढा. दुसरी, घासू नका. आपल्या बायाबापड्या तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून लखलखीत करतात, नाण्याला तसे केले की उरलीसुरली अक्षरेही जातात. तिसरी गोष्ट कायद्याची. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवले तर आपला हक्क जातो आणि वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. कळवले तर मात्र कायद्यात सापडणाऱ्याचाही विचार केलेला आहे. सरकारने ते धन घेतले तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश एवढी रक्कम द्यावी लागते. कासाराच्या घागरीपेक्षा ते बरे. लोक पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात, ती भीती मला कळते. एकट्याने जाऊ नये, चार माणसे मिळून अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शंभर वर्षांवरच्या वस्तू परदेशी पाठवायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्यांच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो, हेही ध्यानात असू द्या.

आणि फसवणुकीपासून जपा. राम-सीतेचे किंवा हनुमानाचे चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे लिहिलेले नाणे लाखो रुपयांना जाते असे सांगत कुणी आले तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. कंपनीने अशी नाणी कधी काढलीच नाहीत. लेण्यांच्या पायथ्याशी विकायला येणारी ‘जुनी’ नाणीही बहुतेक ओतीव असतात. कडेला जोडाची रेघ आणि अंगावर बुडबुड्यांची बारीक छिद्रे दिसली तर समजावे. ज्याला हा नाद लावून घ्यायचा आहे त्याने विकत घेण्याआधी संग्रहालयात चार वेळा जाऊन बघावे. नाद वाईट नाही, पण पदरचे पैसे घालवणारा आहे, हे आमच्या घरच्यांना विचारा.

माझे नाणे वर्धापनदिनाच्या दिवशी विहाराच्या टेबलावर भिंगासह ठेवणार आहे. शेजारी ब्राह्मी अक्षरांचा तक्ताही लावू. हत्तीच्या सोंडेच्या डाव्या बाजूला कडेशी एका अक्षराचा खालचा शेंडा तेवढा दिसतो. मला तो कधी ‘भ’ वाटतो, कधी ‘ण’. तरण्या डोळ्यांनी एकदा बघावे.